कूलरमधला ओढा

कार्तिक महिन्यात कूलर चालू असलेलं घर आमच्या तालुक्यात एकच होतं, आणि ते माझं होतं. लोक पेटीतून स्वेटर काढत होते आणि माझ्या मागच्या खोलीत पंप घरघरत होता. शेजारीण भिंतीवरून डोकं काढून विचारायची, "मावशी, अजून उकडते का वो तुमाले?"

"मले नाही," मी सांगायची, "बेडकाले उकडते."

ती पुढं काही विचारायची नाही. माझ्याकडे पाच वर्षं कोण भाडेकरू आहे हे तिला माहीत होतं.

ते आमच्या गावच्या कॉलेजात प्राणी शिकवायचे, तासिकेवर. तासिकेवर म्हणजे दर जूनमध्ये नवी ऑर्डर. मिळाली तर मास्तर, नाही तर बिनकामाचे. सगळे त्यांना सर म्हणत, मीही म्हणायची. वय चाळिशीच्या पुढं, लग्न नाही, मूळचे खामगावकडचे. अंगात कायम एकच तपकिरी शर्ट. तसे तीन होते हे मला दोरीवर वाळताना पाहून कळलं. त्या पाच वर्षांत त्यांनी मला एकाही प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं नाही आणि एकदाही खोटं सांगितलं नाही.

त्यांचा जेवणाचा डबा माझ्याकडूनच जायचा. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "सर, भाजी कशी झाली?"

"मीठ आहे. तेल वर आलं आहे. वांगं शिजलं आहे."

"अवो, पण चांगली झाली का?"

"ते मले वाटणं झालं, मावशी. दिसते ते हे आहे."

हे त्यांचं ब्रीदच होतं. दिसते ते सांगा, वाटते ते नोका सांगू. कॉलेजातल्या पोरांना ते हेच शिकवत, आणि दूधवाल्यालाही सोडत नसत. आभाळ भरून आलं आणि कोणी विचारलं, "सर, पाणी येईन का?" तर ते छत्री उघडत उघडत म्हणणार, "ढग आहेत."

या सवयीपायी त्यांचं एक लग्न मोडलं. जमवणारी मीच होते, म्हणून सांगते. माझं माहेर उंद्रीचं. तिथं आमच्या नात्यात एक मुलगी होती, शिकलेली, वयानं जरा पुढं गेलेली. मी सरांना चौथा शर्ट घ्यायला लावला आणि घेऊन गेले. मुलगी पोहे घेऊन आली. सरांनी तिच्याकडे नीट पाहिलं, फार नीट पाहिलं, मान तिरपी करून दोन्ही बाजूंनी. वही काढायची तेवढी बाकी होती. पोहे झाले, चहा झाला. मुलीच्या वडिलांनी घसा साफ केला.

"मंग सर? पोरगी कशी वाटली?"

"एकावरून काही सांगता येत नाही," सर म्हणाले. "कमीत कमी सात-आठ पाहा लागतात."

वडिलांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "आमच्याकडं एकच आहे."

परतीच्या गाडीत अमडापूर येईस्तोवर मी त्यांच्याशी बोलले नाही. मग ते स्वतःच म्हणाले, "मावशी, त्या पोरीच्या उजव्या कानामागं तीळ आहे." तेवढं त्यांना दिसलं होतं. ती पोरगी पुढं चांगल्या घरी पडली. तीळ आहे, मी नंतर पाहिला. तो अख्ख्या उंद्रीत कोणाला माहीत नव्हता.

मागच्या खोलीत त्यांचा संसार म्हणजे बाटल्या. मी लोणच्याला वापरते तशा काचेच्या बरण्या, त्यांत स्पिरिट आणि स्पिरिटात बेडूक. प्रत्येकाच्या पायाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. शेजारीण म्हणाली, वास येते, पितात वाटते. मी म्हटलं, पिणारा माणूस त्यात बेडूक बुडवून ठेवत नाही. दर पावसाळ्यात सर रजा टाकून दक्षिणेकडं सह्याद्रीच्या जंगलात जात. तिथं म्हणे चार महिने पाऊस थांबत नाही आणि झाडांखाली भर दुपारी अंधार असतो. वनखात्याचा परवान्याचा कागद खिशात, पायाला जळवांचे चट्टे, असे परत येत. आमच्याकडे आठ दिवसांतून एकदा नळ. त्या गावात राहून पाण्यातल्या प्राण्याचा अभ्यास करणारा माणूस काय डोक्याचा असेल, ते मला तेव्हाच समजायला पाहिजे होतं.

एकदा मी झाडायला गेले तर दोन बरण्या शेजारीशेजारी ठेवून ते बसले होते. दोन्हींत तसलेच लहान झाडबेडूक, बोटांच्या टोकाला गोल चकत्या, रंग उडून पांढरेफटक.

"मावशी, या दोघायले आजवर एकाच कुळीत धरलं लोकायनं. मले तसं दिसत नाही."

मला तर दोन्ही सारखेच दिसले. तसं मी सांगितलं. मग त्यांनी समजावलं. त्या बरणीतले पानावर फेसाचं घरटं करतात आणि अंडी त्यात घालतात. या बरणीतले मात्र वाहत्या ओढ्यात, दगडाखाली अंडी घालतात. यांची पिल्लं, म्हणजे बेडूकमासे, त्यांचं तोंड रबरी टोपीसारखं असतं; पाणी कितीही जोरात येवो, ते तोंडानं दगडाला चिकटून राहतात.

"म्हणजे बाळंतपणाची रीत निराळी आहे," मी म्हटलं. "मंग कुळी निराळीच राहीन न. आमच्यात आडनाव एक असते, पण देवक निराळं असलं का सोयरीक होते. आडनावाले कोण पायते?"

सर उठून उभे राहिले. वही काढून त्यांनी ते लिहून घेतलं, माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग स्वतः चहा करून पाजला. चहात साखर नव्हती. मी म्हटलं, "साकर दिसत नाही म्हून टाकली नाही का?"

तर सरांना या बेडकांसाठी नवी कुळी मांडायची होती. शास्त्रातल्या बेडकाला दोन नावं असतात, पहिलं कुळीचं, दुसरं त्याचं स्वतःचं. नवी कुळी मांडणं म्हणजे मोठी गोष्ट, सरांच्या आयुष्यात पुन्हा न येणारी. त्यांनी सगळं लिहून बाहेरच्या मासिकाला पाठवलं आणि ते परत आलं. तिथल्या तपासणाऱ्यांनी विचारलं होतं, हे चिकटणारे बेडूकमासे याच बेडकाचे आहेत हे तुम्ही पाहिलं का? की एका ओढ्यात सापडले म्हणून तुम्हाला तसं वाटतं?

ते पत्र हातात धरून सर ओट्यावर बसले होते. मला हसू आलं. पाच वर्षं जो दंडुका त्यांनी सगळ्यांच्या डोक्यात घातला, तोच आज त्यांच्या डोक्यात बसला होता.

"बरोबर विचारलं त्याईनं," सर म्हणाले. "म्या पाह्यलं नाही."

आजकाल रक्तमांस तपासून हे कळतं म्हणे. त्याला मोठी प्रयोगशाळा लागते. सरांकडे माझा कूलर होता.

पावसाळा सरता सरता ते पुन्हा गेले आणि दुधाच्या किटलीत अकरा बेडूकमासे घेऊन आले. एस. टी.नं, किटली मांडीवर, प्रत्येक थांब्यावर झाकण उघडून हवा देत. आता हे बेडूकमासे बेडूक होईपर्यंत जगवायचे आणि कोणता बेडूक निघतो ते डोळ्यांनी पाहायचं, एवढंच काम. पण त्यांना पाहिजे थंड पाणी, आणि तेही वाहतं.

सर घरभर हिंडले. कूलरपाशी थांबले.

"मावशी, हा वाहते."

आणि खरंच. कूलरचा पंप पाणी वर चढवतो, ते खाली ओघळतं, टाकीत जमतं, पुन्हा वर जातं. आमची हवा कोरडी असली की ते पाणी बर्फासारखं गार होतं. त्यांनी एका बाजूच्या जाळीतलं गवत काढून तिथं चपटे दगड रचले, वरून मच्छरदाणीचं कापड बांधलं. झाला ओढा. दुपारी ऊन चढलं की थोडा वेळ पंखा, पंप मात्र सदा चालू. नळाच्या पाण्यात जे औषध असतं त्यानं बेडूकमासे मरतात, पण चार दिवस पाणी साठवून ठेवलं की ते उडून जातं. मग सर म्हणाले, "तुमच्या गावाले आठ दिवसांनी पाणी येते हे लय चांगलं आहे." आमच्या गावात असं म्हणणारा तो पहिला आणि शेवटचा माणूस. निळा ड्रम बेडकांचा ठरला, काळा घरचा.

सर कॉलेजात गेले की कूलर माझ्या गळ्यात. दिवसा लाईट गेली की पंप बंद, आणि पंप बंद झाला की बेडूकमाशांचा जीव कासावीस. मग मी तांब्यानं दगडांवर पाणी ओतत बसायची. एका हातात तांब्या, एका हातात जपमाळ. देवाचं नाव घ्यायची, पण लक्ष सगळं दगडावर.

तसं बसल्यानं मला एक दिसलं. सर त्यांना उकडलेला पालक घालायचे आणि ते त्याला तोंड लावायचे नाहीत. मात्र एका दगडावर थोडं हिरवं शेवाळ होतं, तिथं ते तोंडानं खरवडत फिरायचे. मागं त्यांच्या तोंडाएवढी स्वच्छ वाट उरायची. घमेलं घेऊन हापशीवर गेले आणि ओट्याच्या कडेचे शेवाळलेले दगड उचलून आणले. बायका म्हणाल्या, "काय बाई, दगडाची भाजी करता का?" संध्याकाळपर्यंत ते दगड चाटून पांढरे झाले होते.

सरांनी पाहिलं, मग वहीत लिहिलं. माझं कौतुक केलं नाही. "पालक खात नोते, हे म्या पाह्यलं पायजे होतं," एवढंच म्हणाले.

याच दिवसांत संस्थेचे अध्यक्ष घरी आले. आमच्या गावात जिथं टेकायला जागा आहे तिथं त्यांच्या वडिलांचं नाव आहे. कॉलेजची कमान, पाण्याची टाकी, बसथांब्याचा बाक, सगळीकडे स्मरणार्थ. नवी कुळी निघते आहे हे त्यांच्या कानावर गेलं होतं. चहा घेतला, कूलरमध्ये वाकून पाहिलं, मग म्हणाले, "सर, नाव कोण देते याले?"

"मांडते तो देते."

"मंग आमच्या बाबाचं द्या. माणसाचं नाव चालते म्हणे."

"चालते," सर म्हणाले. खोटं कसं बोलणार?

"मंग झालं तर. येत्या जूनमधी तुमची ऑर्डरही पक्की करून टाकू. कायमची."

मी आतून ऐकत होते. मनात म्हटलं, हो म्हणा, बाप्पा.

सरांनी विचार केला. खरोखर विचार केला, ते तोंडावर दिसत होतं. मग विचारलं, "तुमच्या वडिलाच्या बोटायले चकत्या होत्या का?"

"काय?"

"नाही, म्हणजे नाव वाचून बेडूक समजला पायजे. कुळीचं नाव आहे. वाहत्या पाण्याचं, झाडाचं असं काही तरी त्यात दिसलं पायजे. तुमच्या वडिलाचं काय दिसन त्यात?"

अध्यक्ष उठले. कप अर्धा तसाच राहिला. ते गेल्यावर मी बाहेर आले आणि सरांना चांगलं झापलं. "काय जाते तुमच्या बापाचं? द्या न नाव! बेडूक वाचाले येते का?" ते म्हणाले, "मावशी, पुढं शंभर वर्सांनी कोणी ते नाव वाचन. त्याले वाटन ओढ्यात अध्यक्षाचे बाबा सापडले." मला हसू आलं, पण तो मूर्खपणा होता. मी तेव्हा म्हटलं, आजही म्हणते. एका बेडकाला बाबांचं नाव दिलं असतं तर माणूस जन्माचा सुखी झाला असता.

आता माझी गोष्ट. सांगायची नाही असं ठरवलं होतं, पण सरांसोबत पाच वर्षं राहून ती सोय राहिली नाही.

अवकाळी पाऊस झाला आणि नळाला गढूळ पाणी आलं. मी दोन्ही ड्रम भरले. गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची हे लग्न होऊन आल्यापासून माझ्या हाताला लागलेलं. सासूनं शिकवलं होतं, सात फेरे, ना कमी ना जास्त. काळ्या ड्रममध्ये फिरवली आणि हात तसाच निळ्यात गेला. डोक्यात काही नव्हतं, हात आपला फिरत होता. चार-पाच दिवसांनी त्याच ड्रममधून मी कूलरची टाकी भरली. पाणी नितळ दिसत होतं, मला बरंच वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चार बेडूकमासे पोट वर करून तरंगत होते.

उरलेले दगडावरून सुटायला लागले होते. सरांनी आणि मी ते घाईघाईनं परातीत काढले, गच्चीवरच्या टाकीतलं जुनं पाणी आणून टाकी पुन्हा भरली. सात राहिले. मग मी सांगितलं, "माह्या हातानं झालं. निळ्या ड्रमात तुरटी फिरवली म्या."

सरांनी वही उघडली. "किती फेरे?"

"सात."

"खडा केवढा होता? दाखवा."

मी खडा आणून दिला. त्यांनी तो तळहातावर धरून पाहिला, त्याचं माप घेतलं, लिहिलं. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. मीही चार शब्द उलट बोलले असते आणि मोकळी झाले असते. त्यांना काय वाटलं ते मला माहीत नाही. दिसलं ते सांगते. त्या दिवशी डबा जसा गेला तसा परत आला.

पुढं आणखी तीन आपोआप मेले, कशानं ते सरांनाही कळलं नाही. राहिले चार. चार जीव, आणि त्यावर सरांचं सगळं. हे गेले तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबावं लागणार, आणि मधे जून येणार होता. मागचे पाय तर सगळ्यांना फुटले होते. पुढचे फुटले की बेडूकमासा पाणी सोडतो, आणि तेव्हाच कळतं तो कोण आहे.

आणि नेमकं तेव्हा सरांना परीक्षेच्या कामावर बुलढाण्याला पाठवलं, आठ दिवस. अध्यक्षांनीच पाठवलं असं मला वाटतं. दिसलं काही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी कापडाखाली पाहिलं तर एक जण पाण्याबाहेर, दगडाच्या माथ्यावर बसलेला. मी फोन लावला.

"सर, एक भाईर आला."

तिकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग सर म्हणाले, "मावशी, दिसते ते सांगा."

मी चष्मा लावला, कापडाला नाक टेकवलं. "चार पाय आहेत. शेपूट आहे, अर्धी राह्यली. अंगानं माह्या करंगळीच्या नखाएवढा. बोटायच्या टोकाले टिकल्या आहेत, गोल."

"अजून?"

"अजून काय? डोळे मोठे आहेत. तुमच्यासारखा मले पाहून राह्यला."

"मांडी पाहा. मांगून."

तो काही मांडी दाखवेना. मी काडीनं दगड हलवला तसा त्यानं पाय लांब केला. "पिवळी आहे मांडी मांगून. पिवळे ठिपके आहेत."

"पिवळे? का तुमाले वाटून राह्यले?"

"मले वाटाचं काय काम आहे? मांडी माही आहे का? पिवळे आहेत. हळदीसारखे."

तिकडं वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग ते हळू म्हणाले, "म्या तुमाले कधी सांगतलं नोतं, नाही का? पिवळ्याचं?"

सांगितलं नव्हतं. बरणीतल्या बेडकांचे रंग स्पिरिटात उडालेले असतात. माझ्या घरातल्या एकाही बरणीत पिवळा ठिपका नव्हता. जंगलात रात्री जिवंत धरल्यावरच तो दिसतो, या एकाच बेडकाच्या मांडीला. सरांनी पाच वर्षं मला सगळं सांगितलं होतं आणि नेमकं हे पोटात ठेवलं होतं.

"मुद्दामच नाही सांगतलं," ते म्हणाले. "सांगतलं असतं तर तुमाले दिसलं असतं."

मी म्हटलं, "लबाड आहा तुमी," आणि फोन ठेवला. सर त्याच संध्याकाळच्या गाडीनं आले. परीक्षा तशीच टाकून. पुढच्या पंधरवड्यात बाकीचे तिघेही बाहेर आले. चौघांच्याही मांड्या पिवळ्या.

जूनमध्ये सरांची ऑर्डर आली नाही. त्यांनी बरण्या धान्याच्या भुशात बसवल्या, टेम्पोत चढवल्या आणि गेले. लांब कुठं तरी प्राण्यांच्या संग्रहालयात लागले म्हणून कळलं. जाताना कूलरला गवत लावून दिलं. पुढच्या उन्हाळ्यात कूलरनं चांगली हवा दिली.

दोन वर्षांनी सर दारात उभे, तपकिरी शर्ट, हातात छापलेलं मासिक. कुळी मान्य झाली होती. नाव लांबलचक, त्यात वाहतं पाणी आहे आणि झाड आहे, बाबा नाहीत. माझी सून देऊळगाव राजाच्या शाळेत शिकवते, ती सुट्टीत आलेली होती. तिला मी म्हटलं, वाच आणि मराठीत सांग. चित्र पाहिलं. करंगळीच्या नखाएवढा तो बेडूक, आणि मागं कोपऱ्यात माझ्या कूलरचा पत्रा, पोपटी रंग जागोजाग उडालेला.

"माहं नाव आहे का यात?" मी सरांना सरळ विचारलं.

"नाही."

"मले वाटलंच."

"वाटलं न?" सर म्हणाले आणि चहा प्यायला लागले. या वेळी साखर मी घातली होती.

सून वाचत होती. वाचता वाचता थांबली आणि माझ्याकडे पाहून गालात हसली. "आई, इथं लिहिलंय. अकरा बेडूकमासे आणले. घरगुती पाण्यात तुरटी फिरवली गेल्यामुळे त्यातले चार मेले."

"काय?"

"सात फेरे, असंही लिहिलंय. खड्याचं मापसुद्धा आहे."

मी सरांकडे वळले. "अवो, शेवाळ म्या आणलं, पाणी म्या ओतलं, मांडी म्या पाह्यली. त्याचं नाव नाही, अन् तुरटी छापली?"

"शेवाळाचंही आहे, पुढल्या पानावर," सर म्हणाले. "पण मावशी, तुरटी फिरली होती न?"

फिरली होती. मी त्यांना आणखी अर्धा कप चहा दिला.

अध्यक्षांच्या बाबांचं नाव कमानीवर आहे, टाकीवर आहे, बाकावर आहे. दर दोन वर्षांनी रंग द्यावा लागतो.

नळाला गढूळ पाणी आलं की मी अजूनही तुरटी फिरवते. सातच फेरे. आता मोजते.